आबांचं काळीज आणि अंड्यातलं काळीज

त्या दिवशी जामखेड–पुणे गाडी उशिरा सुटली ती आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील, जामखेडच्या एसटी डेपोत मेकॅनिक. ड्रायव्हर त्यांचा दोस्त, कंडक्टर त्यांना गुरू मानणारा, आणि गाडीतली निम्मी माणसं आमच्याच वस्तीतली, मला पुण्यापर्यंत पोचवायला निघालेली. मी खिडकीशी बसले होते. गळ्यात झेंडूचा हार, पायाशी नवीकोरी सूटकेस. आणि खाली फलाटावर उभे राहून आबा गात होते.

गाणं आमच्या घरात रोजचंच. चौदा एप्रिलला आबा रात्रभर गात, कुणाच्या लग्नात गात, डेपोत गाडीखाली उताणे पडून पाना फिरवतानाही गात. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः रचलेलं गाणं होतं, लेक विलायतेला निघाली या विषयावरचं, आणि त्याला शेवटच नव्हता. ड्रायव्हरने गिअरला हात घातला की आबा नवं कडवं उचलत, आणि ड्रायव्हर हात काढून घेई. अखेर कंट्रोलरने खिडकीतून डोकं बाहेर काढून हात जोडले. म्हणाला, "मिस्त्री, पोरीला जाऊ द्या, न्हाईतर आमची नोकरी जाईल."

सगळी गाडी हसली. त्या हशातच आईने खिडकीच्या गजांमधून भाकरी-ठेच्याचं गाठोडं आत सारलं. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच, भांडी घासताना असतो तसा. "पोटाला खात जा," ती म्हणाली, "आन् कुनाला भिऊ नको. आपन कुनाचं काय चोरल्यालं न्हाई."

नव्वदचं दशक तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. मी नगरला कॉलेज केलं, पुण्यात एम.एस्सी. केली आणि ग्लासगोला पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती मिळाली. ग्लासगो स्कॉटलंडमध्ये आहे हे वस्तीत सांगून उपयोग नव्हता. सगळ्यांच्या लेखी ते 'लंडनकडं' होतं. विषय कोणता असं कुणी विचारलं की आबा माझ्या आधी उत्तर देत, "काळजाचा." त्यामुळे मी परत येऊन ऑपरेशनं करणार अशी गावाची समजूत झाली, आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात दोन म्हाताऱ्या छातीत धडधडतं म्हणून मला दाखवायला येऊन गेल्या. मी त्यांना खूप समजावलं की मी तसली डॉक्टर होणार नाही. एक म्हणाली, "आसू दे, हात तरी लाव."

ग्लासगोतले पहिले महिने कसे गेले ते तुमच्यापैकी जे परदेशात गेलेत त्यांना सांगायला नको. जे राहिलेत त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की इंग्रजी मी शिकले होते ते पुस्तकातलं, आणि तिथल्या बसचा ड्रायव्हर जे बोलायचा ते इंग्रजी आहे हे मला कुणीतरी सांगावं लागलं. दुपारी चहाच्या वेळेला अंधार पडायचा. खोलीतलं हीटिंग कसं लावायचं ते विचारायची लाज वाटली म्हणून मी सुरुवातीचे काही दिवस स्वेटरवर स्वेटर घालून झोपले. भाकरी थापायला पीठ मिळेना, मिळालं तेव्हा ते ज्वारीचं निघेना.

पण लॅबमध्ये मी पहिल्या दिवसापासून रमले. माझी गाईड फिओना, पन्नाशीची, केस कायम विस्कटलेले, पायात बूट गबाळे, आणि बोलणं इतकं भरभर की मी पहिले काही दिवस नुसतं 'येस' म्हणत राहिले. आमचं काम हृदयाच्या स्नायूंच्या पेशींवर होतं. हार्ट अटॅक येतो म्हणजे हृदयाला रक्त पोचवणारी एखादी नळी तुंबते आणि तिच्यावर जगणाऱ्या स्नायूचा तुकडा मरतो. हाताला कापलं तर कातडी भरून येते. हृदयाचा स्नायू मात्र पुन्हा येत नाही. त्या जागी वण धरतो, आणि वण काही आकुंचन पावत नाही. जन्मानंतर या पेशी वाढायचं, एकाच्या दोन व्हायचं का सोडून देतात, हा आमचा प्रश्न होता. तो आमचा एकट्यांचा नव्हता, जगभर बरेच लोक त्याच्या मागे होते.

त्यासाठी आम्ही कोंबडीची अंडी वापरत असू. आठवडा-दीड आठवडा उबवलेलं अंडं फोडायचं, आतल्या जीवाचं हृदय काढायचं, ते तुरीच्या डाळीच्या दाण्याहूनही लहान, मग त्याच्या पेशी एकमेकींपासून सोडवून काचेसारख्या पारदर्शक ताटलीत खाद्य घालून ठेवायच्या, आणि ताटली उबदार पेटीत सरकवायची. मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने हे केलं तेव्हा फिओना म्हणाली, आता घरी जा, सकाळी ये.

सकाळी मी ताटली मायक्रोस्कोपखाली धरली. पेशी तळाला चिकटून पसरल्या होत्या आणि उडत होत्या. एकेक पेशी, स्वतःच्या स्वतः. ना अंडं राहिलं होतं, ना पिल्लू, ना रक्त, तरी ठोका चालू होता. एका कोपऱ्यात दोन पेशी वेगवेगळ्या तालात चालल्या होत्या; दुपारी पाहिलं तर त्या पसरत पसरत एकमेकींना टेकल्या होत्या आणि दोघींचा ठोका एकाच वेळी पडत होता. मी मान वर केली आणि मोठ्याने हसले. फिओनाने माझ्याकडे पाहिलं आणि तीही हसली. मला वाटतं त्या दिवसापासून आमचं बोलणं एकमेकींना कळायला लागलं.

त्या रविवारी मी डेपोतल्या फोनवर आबांना गाठलं आणि हे सगळं सांगितलं. पलीकडे आबा माझं वाक्य ऐकून मागे जमलेल्यांना मोठ्याने सांगत होते. मग आई फोनवर आली. तिने गावठी कोंबड्या पाळलेल्या, आणि तिची शंका सरळ होती. "कोंबडी न्हाई, पिल्लू न्हाई, तर मग उडतंय कोन?" मी म्हटलं, तेच तर शोधायला मी इथं आलेय. "बरं," आई म्हणाली, "सापडलं की सांग."

दीड-दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी लॅबमध्ये माझ्यासाठी फोन आला. पलीकडे मिलिंद, माझा धाकटा भाऊ. तो तेव्हा सुप्याच्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. म्हणाला, आबांना काल डेपोत छातीत कळ आली, घामाने भिजले, दोस्तांनी जीपमध्ये घालून तडक नगरला नेलं. दवाखान्यात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलंय. आता जीवाचं भय नाही म्हणतात. मी त्याला एकच विचारलं, किती वेळात पोचले? त्याने सांगितलं आणि मी मनात हिशोब केला. वेळेत पोचले होते.

मी सांगितलं, तशी फिओनाने माझ्या हातातली ताटली काढून घेतली. म्हणाली, पेशी मी सांभाळते, तू जा.

मी पोचले तेव्हा आबांना घरी आणलं होतं. ते भिंतीकडच्या खाटेवर, अंगावर चादर. घरात शिरताच मला काय खटकलं असेल तर शांतता. रेडिओ बंद. आई कुजबुजत बोलत होती. आमच्या दारावरून जाताना सायकलवाले घंटी वाजवत नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेशी बसून सुस्कारा टाकायचा आणि आता जपायचं, हलायचं न्हाई, असं सांगून जायचा. नगरच्या डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं होतं, पण ते कुणाला पटलं नव्हतं. काळीज फुटलेला माणूस चालतो का? आबा स्वतः मनगटावर बोट ठेवून नाडी चाचपत पडून असत. मी त्यांच्या तोंडून गाणं सोडाच, गुणगुणणंही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई विहिरीवर गेली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"विशा, तू खरं सांग. आत काय झालंय?"

मी खाटेच्या कडेला बसले. त्यांच्या तळहातावर बोटाने हृदय काढून दाखवलं, नळी कुठे तुंबली, स्नायूचा कोणता भाग मेला ते सांगितलं. आता तिथं वण धरतोय, म्हटलं, आणि तो पक्का होतोय. बाकीचा सगळा स्नायू धड आहे, काम त्यानेच करायचं आहे, आणि झोपून राहिलात तर तोही आळशी होईल.

"मेलं त्ये परत येनार?"

मी खोटं बोलू शकले असते. ते बाप होते, आणि समोर आजारी पडून होते. पण त्यांनी खरं सांग म्हटलं होतं. "नाही आबा. माणसाच्या हृदयात येत नाही. पाण्यात राहणारा सरड्यासारखा एक प्राणी आहे, त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी बराचसा भरून येतो. आपलं नाही."

आबांनी आढ्याकडे तोंड केलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मी घाबरले, आणि मग कळलं की ते हसतायत. "म्हंजी सरड्याला जमतंय आन् मानसाला न्हाई," ते म्हणाले. "आन् तू तिकडं काय करती?"

"का जमत नाही ते बघते."

"मग हितं का बसली? माज्या उशाशी बसून त्ये घावनार हाय का?"

मी मनात ठरवून आले होते की आता परत जायचं नाही. नगरला कॉलेजात शिकवायची नोकरी बघायची, घरी राहायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आबांनी ते चेहऱ्यावरून वाचलं असावं. मी म्हटलं, तुम्ही फाट्यापर्यंत चालत गेलात की मी जाईन. म्हटलं खरं, पण मला स्वतःलाच ते लांबचं वाटत होतं. आमच्या वस्तीपासून फाटा म्हणजे चांगली रपेट, आणि मधे चढ.

आम्ही दारापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी शेजारच्या ओट्यापर्यंत. तिथं बसायचं, दम खायचा, परत. दुसऱ्या दिवशी आणखी एक घर पुढं. आईने पहिल्यांदा विरोध केला, लोक काय म्हणतील, आजारी मानसाला उनात हिंडवतीय म्हणून. लोक म्हणालेही. पण मी सोबत असायची, त्यांना दोन वाक्यं बोलता येतील इतक्याच वेगाने चालवायची, आणि दम लागला की थांबवायची. हा उपाय काही माझा नव्हता, नगरच्या डॉक्टरांनी सांगितलेलाच होता. मी फक्त विलायतेहून आलेली असल्यामुळे तो लोकांना खरा वाटू लागला.

मग गंमत झाली. आबांच्या वयाचा एक शेजारी, बीपीच्या गोळ्या खाणारा, एक दिवस काठी घेऊन निघाला. म्हणाला, मी पन येतो. त्याच्या मागून ज्या म्हातारीने मला हात तरी लाव म्हटलं होतं ती आली. असं करत करत रोज संध्याकाळी आमची एक दिंडीच निघायला लागली, फक्त टाळ नव्हते. माळ्यांच्या शेतावरून जाताना शेतमालक बांधावर उभा राहून विचारायचा, "आज कुठवर?" आणि आबा उत्तर देत, "पोरगी सोडंल तिथवर." एका संध्याकाळी आबा चढावर न थांबता वर आले आणि फाट्यावरच्या दगडावर बसले. कपाळावर घाम होता, पण तो चालण्याचा. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "बांध बोचकं."

मी परत गेले. या वेळी स्टँडवर गाणं झालं नाही.

तेवढं एक राहिलं होतं. आबा चालत होते, कामावर हलकं काम करू लागले होते, तब्येत सुधारत होती. पण गात नव्हते. मी फोनवर विचारलं की म्हणत, "आवाज वर नेला की आत कायतरी हुतंय असं वाटतंय." डॉक्टर म्हणत काही होत नाही, खुशाल गा. आबा मान डोलवत आणि गात नसत. पुढच्या चौदा एप्रिलला ते श्रोत्यांत बसून राहिले, असं मिलिंदने सांगितलं तेव्हा मला ग्लासगोत बसून रडू आलं. अटॅकच्या बातमीने आलं नव्हतं.

माझी पीएच.डी. झाली, तिथेच पुढे काम मिळालं, आणि मी आई-आबांना बोलावलं. डॉक्टरांनी विमानाला हरकत नाही म्हटलं. दोघं उतरले ते बरोबर ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी एक गोधडी घेऊनच. ग्लासगोचा पाऊस बघून आबा म्हणाले, "ह्यातला निम्मा जामखेडला लावून द्या." आई माझ्या वॉशिंग मशीनसमोर स्टूल घेऊन पूर्ण वेळ बसली, कपडे आत खरंच फिरतायत का ते बघत.

मी त्यांना लॅबमध्ये नेलं. फिओनाने मुद्दाम चांगली ताटली राखून ठेवली होती. आधी आई वाकली. तिला मायक्रोस्कोपमध्ये एक डोळा मिटून बघायची सवय नव्हती, म्हणून तिने पदराने एक डोळा झाकला. मग ती हलेना.

"उडतंय," ती हळूच म्हणाली. "अगं, खरंच उडतंय की."

नंतर आबा वाकले. त्यांनी इतका वेळ पाहिलं की मी खुर्ची सरकवली. बघता बघता त्यांचा एक हात आपसूक छातीवर गेला. फिओनाने मला विचारलं, ते ठीक आहेत ना? मी म्हटलं, ठीक आहेत. मान वर केल्यावर आबांनी मला विचारलं, "ह्याला कोन म्हनतं उड म्हनून?" मी सांगितलं, कुणी नाही. तो पेशीचा स्वभावच आहे. त्यांनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

रविवारी दुपारी फिओनाने आम्हाला बोलावलं ते एका पबमध्ये. आबा आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी चढले नव्हते, पण मी सांगितलं की इथं बायका-पोरंही येतात, जेवतात. आम्ही संत्र्याचा रस घेऊन कोपऱ्यात बसलो. तिथं दर रविवारी ओळखीपाळखीची माणसं वाद्यं घेऊन जमत. कुणी फिडल, कुणी बासरी. आणि फिओनाने पिशवीतून काढलं ते एक गोल, चपटं, कातड्याने मढवलेलं वाद्य. तिथं त्याला बॉवरॉन म्हणतात. ती ते मांडीवर उभं धरून काडीने वाजवायला लागली.

आई एकदम माझा हात धरून म्हणाली, "ही तर हलगी."

आबांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. इथं थोडं सांगायला हवं. माझे आजोबा गावात हलगी वाजवत. हौस म्हणून नव्हे. मिरवणूक असो, दवंडी असो, कुणाची मयत असो, बोलावणं आलं की जावंच लागे. ते आमच्या जातीवर लादलेलं काम होतं. छप्पन साली धम्म स्वीकारल्यावर आजोबांनी हलगी खाली ठेवली ती कायमची. आबा तेव्हा लहान होते, पण हात त्यांच्याकडे आला होता. ते गायले, ढोलकीवर बसले, हलगीला मात्र कधी शिवले नाहीत. घरात तिचं नावही निघत नसे.

आणि इथं एक प्रोफेसर बाई ती मांडीवर घेऊन हसत हसत वाजवत होती, आणि लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

एक धून संपली. आबा उठले. मला वाटलं बाहेर जातायत. ते फिओनासमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले. तिने काही न विचारता वाद्य त्यांच्या हाती दिलं. आबांनी ते तसं उभं धरलं नाही. खांद्याशी टेकवलं, आपल्याकडे धरतात तसं. एक काडी होती, दुसरीसाठी त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. दोनदा कातड्यावर बोट फिरवलं. आणि मग पहिला ठोका पडला.

फिडलवाला थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग हळूच आत शिरला. आबांचे खांदे हलायला लागले, मग मान, मग पाय. मी त्यांच्या कपाळाकडे, ओठांकडे बघत होते, दम लागतोय का, रंग बदलतोय का. माझं सगळं शास्त्र डोळ्यांत गोळा झालं होतं. आणि तेवढ्यात आबा गायला लागले. आवाज आधी खाली होता. मग वर गेला. पार वर, डेपोच्या पत्र्याला लागायचा तसा. आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि हसत होती.

संपल्यावर लोक उभे राहिले होते. आबांनी वाद्य फिओनाला परत दिलं, माझ्याशेजारी येऊन बसले, रसाचा घोट घेतला. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी जोरात, पण एका तालात चालली होती.

मी विचारलं, "आबा, इतक्या वर्षांनी का?"

ते म्हणाले, "हितं कुनी वाजीव म्हनलं न्हाई. म्हनून वाजिवली."

दशक आता संपत आलंय. हृदयाचा मेलेला स्नायू माणसात परत कसा आणायचा ते अजून कुणाला जमलेलं नाही. काही ठिकाणी उंदरांच्या हृदयात बाहेरून पेशी सोडून बघतायत, त्या धरतायतही. पुढं काय होईल ते सांगवत नाही. आईचा फोन आला की ती अजून विचारते, घावलं का? मी म्हणते, नाही गं. ती म्हणते, घावंल. आबा रिटायर झाले आणि फाट्यापर्यंतचा फेरा चुकवत नाहीत. चौदा एप्रिलला ते गातात, मधल्या कडव्यांत दम खातात, पण गातात. हलगी त्यांनी गावात हातात घेतलेली नाही. मीही कधी सुचवलं नाही.

गावाकडच्यांनो, मी आले की तुम्ही मला विचारता परत कधी जाणार, आणि इथले विचारतात घरी कधी चाललीस. दोन्हीकडच्या लोकांना 'घर' म्हणायचं असतं ते दुसरीकडचं. मला पूर्वी त्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. जिथं आपल्याला कुणी काही फर्मावत नाही आणि तरी आपले हात आपणहून चालू लागतात, तेवढी जागा घर. आबांना ती एका रविवारी पबच्या कोपऱ्यात मिळाली. मला ती लॅबच्या खिडकीशी मिळाली, आणि खरं सांगायचं तर चढ चढून गेल्यावरच्या त्या फाट्यावरही. तुमच्या वाट्याला कुठं येईल ते मला ठाऊक नाही. आली की मात्र लाजू नका. वाजवा.